बेंझीन, बेंत्सीन, बेंत्सोल: ड्रमवरचं परकं नाव कसं ओळखावं

नंदेसरी किंवा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) स्टोअर सांभाळणाऱ्यापुढे कधी ना कधी असा ड्रम येतोच, ज्याच्या लेबलाची इंग्रजी बाजू फाटलेली असते आणि उरलेला मजकूर जर्मन, इटालियन नाहीतर रशियन असतो. त्यातलं 'बेंझ' एवढं लागलं की माणूस रजिस्टरात 'बेंझीन' लिहून मोकळा होतो. वडोदऱ्यात तर ही चूक अंगवळणी पडायला फार सोपी. घरी मराठी, प्लँटवर गुजराती, टँकरच्या ड्रायव्हरशी हिंदी आणि कागदावर इंग्रजी. या चारही भाषांत शब्द ऐकायला एकच, बेंझीन. चार भाषा एकच सांगतात म्हटल्यावर पाचवीही तेच सांगत असणार, असं वाटतं. पण बाकी तिघींनी तो शब्द एकाच घरून, म्हणजे इंग्रजीतून घेतलाय. जर्मनीपासून इराणपर्यंत नेमका हाच उच्चार पेट्रोलला लावतात.

दोन्हीतला फरक आधी स्पष्ट करून घ्या. बेंझीन हा एकच पदार्थ: रेणूत सहा कार्बन, सहा हायड्रोजन, उत्कलनबिंदू ८०.१ अंश सेल्सिअस, गोठणबिंदू ५.५ अंश. माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांच्या गटात तो मोडतो. अस्थिमज्जा आणि रक्त हे त्याचं मुख्य लक्ष्य. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण, आणि आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्याहून जास्त चालत नाही. म्हणजे मशीनचे भाग धुवायला मागवलेल्या जर्मन 'वाशबेंत्सीन'ऐवजी (हा पेट्रोलियमचा हलका द्रावक) कुणी शुद्ध बेंझीन दिलं, तर कामगाराच्या हाताखाली कितीतरी जहाल माल जातो. उलट नायट्रेशनच्या रिअॅक्टरात बेंझीनऐवजी पेट्रोलियमचा हलका द्रावक गेला, तर बॅच वाया जाते आणि नको त्या बाजूच्या अभिक्रियांनी तापमान कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

घोळ मुळात कसा झाला

हा भाग माहीत नसला तरी काम अडत नाही, पण माहीत असला की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

संध्याकाळी घरात जो ऊद किंवा लोबान जाळतात, त्यापासून ही गोष्ट सुरू होते. अरबीत 'लुबान' म्हणजे धुपाचा डिंक. शब्दाच्या मुळात 'पांढरा' असा अर्थ. सुमात्रा-जावाकडून येणाऱ्या डिंकाला अरब व्यापारी 'लुबान जावी', जावाचा लोबान, म्हणत. युरोपात पोचल्यावर तिकडच्या लोकांना सुरुवातीचा 'लु' हा आपल्या भाषांतल्या उपपदासारखा वाटला. तो त्यांनी गाळला आणि उरलेल्या 'बानजावी'चं बेंजुई, बेंज्वॅं, बेंझॉइन होत गेलं. इंग्रजांनी तर त्याला 'गम बेंजामिन' करून टाकलं. आपण मात्र पहिला तुकडा ठेवला, लोबान. एका शब्दाचं डोकं आपल्याकडे राहिलं, धड युरोपात गेलं आणि दोनेकशे वर्षांपूर्वी ते रसायनशाळेत शिरलं.

त्या डिंकातून मिळणारं आम्ल ते बेंझोइक आम्ल. १८३३ च्या सुमारास आयलहार्ड मित्शरलिख या जर्मन रसायनज्ञाने हे आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि मिळालेल्या द्रवाला नाव दिलं 'बेंत्सीन'. हाच द्रव मायकल फॅरेडेने १८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून वेगळा केला होता, पण त्याचं लांबलचक नाव टिकलं नाही. मित्शरलिखचं नाव युस्टुस लीबिगला पटलं नाही. क्विनीन, स्ट्रिक्नीन यांसारख्या अल्कलॉइडांच्या नावांना 'ईन' हा शेवट लागत असे आणि हा द्रव त्या जातीचा नव्हता. त्याने 'ओल' सुचवलं, लॅटिनमधल्या तेलावरून: बेंत्सोल. जर्मनीत ते रुजलं. इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये पुढे 'एन' हा शेवट पक्का झाला, कारण 'ओल' हा अल्कोहोलांसाठी राखला गेला.

मग 'बेंत्सीन' हे नाव रिकामं पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलातून निघणारे हलके, चटकन उडणारे भाग बाजारात आले, तेव्हा ते रिकामं नाव त्यांना चिकटलं. मोटारी आल्यावर तेच इंधनाचं नाव झालं. कार्ल बेंझच्या नावावरून पेट्रोलला बेंत्सीन म्हणतात, ही समजूत सोडून द्या. शब्द १८३३ चा आणि बेंझ जन्मला १८४४ मध्ये.

पहिली पायरी: उच्चार करू नका, शेवट वाचा

लेबलावरचं नाव मोठ्याने वाचलं की कान ते आपल्या ओळखीच्या शब्दावर नेऊन बसवतो. म्हणून आधी अक्षरं जशीच्या तशी उतरवा किंवा फोटो काढा, भाषा कोणती ते शेजारी लिहा आणि मग फक्त शेवटाकडे बघा. युरोपातल्या भाषांसाठी नियम एका ओळीचा आहे: शेवट 'ओल' किंवा 'एन' असेल तर आपलं बेंझीन, 'ईन', 'इन' किंवा 'ईना' असेल तर पेट्रोल अथवा पेट्रोलियमचा हलका द्रावक.

जर्मन, हंगेरियन आणि रशियन 'ओल'वाल्या आहेत. बेंझीनला जर्मन बेंत्सोल म्हणतात, हंगेरियन आणि रशियन बेंझोल. पेट्रोलला जर्मनमध्ये बेंत्सीन, उरलेल्या दोघींत बेंझिन. ग्रीकमध्ये आद्याक्षर दिसतं इंग्रजी 'बी'सारखं पण वाचतात 'व': वेंझोलिओ म्हणजे बेंझीन, वेंझिनी म्हणजे पेट्रोल. डच, डॅनिश, पोलिश, चेक, रुमानियन आणि तुर्की 'एन'वाल्या: बेंझीनला बेंझेन, पेट्रोलला बेंझिन, बेंझिना किंवा त्याच्याच जवळचं काही. स्वीडिशमध्ये 'झ'च्या जागी 'स' येतो, बेन्सेन आणि बेन्सिन. फिनिशमध्ये बेंत्सेनि आणि बेन्सीनि. इटालियनमध्ये बेंझेने हा पदार्थ, बेंझिना हे पंपावरचं पेट्रोल. स्पॅनिशमध्ये बेनसेनो म्हणजे बेंझीन. पेट्रोल बहुतेक ठिकाणी गासोलिना, पण चिलीत बेनसिना. फ्रेंचमध्ये पेट्रोलला 'एसाँस' म्हणतात, आणि 'बॅंझीन' हे डाग काढायच्या द्रावकाचं जुनं नाव.

लिपी वाचता येत नसली तरी काही खुणा धरता येतात. रशियन शब्द सहा अक्षरी असतो. शेवटून दुसरं अक्षर गोल भोपळा असेल तर बेंझीन, इंग्रजी 'एन' आरशात उलटा दिसावा तसं असेल तर पेट्रोल. फारसीत पेट्रोलच्या शब्दात मध्यभागी खाली दोन टिंबांचं एक जास्तीचं अक्षर असतं. बेंझीनच्या शब्दात ते नसतं. जपानीत दोन्ही शब्द चार अक्षरी, बेनझेन आणि बेनजिन, फरक फक्त तिसऱ्या अक्षराचा. कोरियनमध्येही जोडी अशीच, बेनजेन आणि बेनजिन.

चिनीत घोळच नाही, तिथली अडचण वेगळी. बेंझीनला एकच अक्षर आहे, उच्चार साधारण 'बन': वर गवताची खूण, खाली 'मूळ' या अर्थाचं अक्षर. पण तेच अक्षर टोल्युइन, झायलीन, फेनॉल, स्टायरीन, अॅनिलीन या सगळ्यांच्या नावांत असतं, कारण या सगळ्यांत बेंझीनचं कडं आहे. म्हणून अक्षर ओळखलं एवढ्यावर खूश होऊ नका. त्याच्या पुढे-मागे काय आहे ते बघा. 'जिआ' हे अक्षर आधी असेल तर टोल्युइन, त्याच्याही आधी दोन आडव्या रेघा असतील तर झायलीन. 'शुद्ध' किंवा 'कच्चं' अशा अर्थाचं अक्षर आधी लागलं असेल तर मात्र माल बेंझीनचाच.

अरबीत हा नियम चालत नाही. तिथे पेट्रोलही 'बंझीन' आणि पदार्थही बहुधा 'बंझीन'च लिहितात. शब्दाकडे बघत बसण्यात वेळ घालवू नका, सरळ आकड्यांकडे जा.

इंग्रजीही निर्दोष नाही बरं का. तिथे बेंझीन आणि पेट्रोलियमवालं 'बेंझिन' यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच स्वराचा फरक आहे, शेवटून तिसऱ्या अक्षराचा: पदार्थाच्या नावात 'ई', द्रावकाच्या नावात 'आय'. फोनवर तो ऐकू येत नाही. ऑर्डर फोनवर घेतली असेल तर ती नाव सांगून पक्की करू नका, नंबर मागा.

दुसरी पायरी: सीएएस नंबर, आणि तो तपासायची रीत

प्रत्येक पदार्थाला मिळालेला सीएएस नंबर, म्हणजे 'केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस'च्या नोंदणीतला क्रमांक, भाषेवर अवलंबून नसतो. बेंझीनचा ७१-४३-२. पेट्रोलचा ८६२९०-८१-५. पेट्रोलियमच्या हलक्या द्रावकांना बरेच नंबर आहेत; लिग्रोइनचा ८०३२-३२-४, नॅफ्थाचा ८०३०-३०-६ हे नेहमी दिसणारे.

नंबर पुसट असेल तर शेवटच्या आकड्याने बाकीचे पडताळता येतात. शेवटचा आकडा बाजूला ठेवा. उरलेल्यांना उजवीकडून डावीकडे १, २, ३, ४ असं गुणत जा, बेरीज करा, बेरजेचा एकम स्थानचा अंक शेवटच्या आकड्याशी जुळला पाहिजे. बेंझीनसाठी ७१४३ घेतले: ३ गुणिले १ म्हणजे ३, ४ गुणिले २ म्हणजे ८, १ गुणिले ३ म्हणजे ३, ७ गुणिले ४ म्हणजे २८. बेरीज ४२, एकम २, जुळलं. कुणी ४ आणि ३ ची अदलाबदल करून ७१-३४-२ लिहिलं तर बेरीज ४१ येते आणि चूक पकडली जाते.

पण ही चाळणी सगळंच अडवत नाही. सम संख्येने किंवा पाचाने गुणलेल्या जागी काही चुका निसटतात. हाताने लिहिलेला ४ हा ९ वाचला तर ७१-९३-२ होतं, बेरीज ५२, आणि तेही 'जुळतं'. तसंच सुरुवातीचा ७ हा २ वाचला तर २१-४३-२ ची बेरीज २२ येते. म्हणजे घाईत लिहिलेल्या चलनावर ज्या दोन चुका हमखास होतात, त्याच या पडताळणीतून सुटतात. जुळलं नाही तर नंबर नक्की चूक. जुळलं तर नुसतं 'बहुधा बरोबर', आणि पुढची पायरी घ्यायचीच.

आणखी एक. इथे आकडे मराठी छापलेत, पण रजिस्टरात ते ड्रमवर जसे आहेत तसेच उतरवा. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, गुजराती आकड्यांची वळणं आणखी वेगळी. एकाच पानावर तिन्ही आले की वाचणारा फसतो.

तिसरी पायरी: यूएन नंबर

वाहतुकीचा चार आकडी नंबर टँकरच्या फलकावर, ड्रमवरच्या चौकोनी खुणेजवळ आणि कागदपत्रांत असतो. बेंझीन १११४. पेट्रोल १२०३. टोल्युइन १२९४. झायलीन १३०७. पेट्रोलियमचे इतर हलके भाग बहुधा १२६८. युरोपातून आलेल्या टँक-कंटेनरच्या नारिंगी पाटीवर दोन आकडे असतात, वरचा ३३ बेंझीनलाही आणि पेट्रोललाही सारखाच, कारण तो फक्त 'अतिज्वालाग्राही द्रव' एवढंच सांगतो. बघायचा तो खालचा.

धोक्याच्या चित्रांवरून ओळखायला जाऊ नका. ज्वाळा, छातीवर तारा फुटलेला माणूस, कॅन्सरचा एच३५० इशारा, हे सगळं पेट्रोलच्या लेबलावरही असतं.

चौथी पायरी: एसडीएसचा नववा भाग

सुरक्षा माहितीपत्रकाला, ज्याला प्लँटवर अजूनही सगळे एमएसडीएसच म्हणतात, १६ भाग असतात आणि त्यांचा क्रम जगभर तोच असतो. भाषा येत नसली तरी नवव्या भागात भौतिक गुणधर्म असणार, तिसऱ्यात घटक, चौदाव्यात वाहतूक, हे पक्कं. नवव्यात तीन आकडे शोधा. वितळण किंवा गोठणबिंदू ५.५ च्या आसपास असेल तर बेंझीन. पेट्रोल त्या तापमानाला मुळीच गोठत नाही, म्हणून हीच सगळ्यांत पक्की खूण. उत्कलनबिंदू एकच, ८०, असेल तर बेंझीन. '४० ते ६०', '१०० ते १४०' असा पल्ला असेल तर द्रावक. घनता ०.८८ च्या जवळ असेल तर बेंझीन, पेट्रोलची ०.७२ ते ०.७७५.

वास घेऊन ठरवणारे लोक अजून आहेत. अमेरिकेत कामाच्या जागी बेंझीनला आठ तासांसाठी घातलेली मर्यादा हवेत दहा लाखांत १ भाग इतकी आहे. नाकाला नीट वास कळेपर्यंत ती ओलांडलेली असू शकते. आणि नमुना काढताना नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे पुरेसे नाहीत, बेंझीन त्यांतून लवकर आरपार जातं.

नाव दिसतं पण माल तो नसतो

शेवट बरोबर ओळखूनही फसायला होतं, कारण बेंझीनचं नाव लेबलावर भलत्याच कारणाने आलेलं असतं. जर्मन द्रावकाच्या डब्यावर 'बेंत्सोलगेहाल्ट' आणि पुढे ०.१ टक्क्याहून कमी, असं असेल तर ते बेंझीनचं प्रमाण आहे, माल बेंत्सीनच. 'बेंत्सोलफ्राय' म्हणजे बेंझीनमुक्त. शब्द मोठ्या अक्षरात आहे की बारीक, त्याच्यापुढे टक्क्याचं चिन्ह आहे का, हे आधी बघा.

जर्मन 'ओल' पाहून अल्कोहोल समजणं ही दुसरी चूक. टोलुओल म्हणजे टोल्युइन, क्सिलोल म्हणजे झायलीन, स्तिरोल म्हणजे स्टायरीन. यांत अल्कोहोल कुणीच नाही. फेनोल मात्र आपलं फेनॉलच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या तयार करताना 'झायलॉल' म्हणतात, ते या जुन्या जर्मन वळणाचं उरलेलं नाव.

'बेंझ'ने सुरू होणारे नातेवाईक तर पुष्कळ. लोणच्यात आणि सरबतात घालतात ते सोडियम बेंझोएट, ई२११. 'बेंझिल' आणि 'बेंझॉइल' हे वेगवेगळे गट आहेत आणि त्यांची क्लोराइडंही वेगळी. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कोयलीच्या रिफायनरीत बनणारं 'लॅब', म्हणजे लिनिअर अल्किल बेंझीन, हा डिटर्जंटचा कच्चा माल; नाव पूर्ण म्हणायचा कंटाळा करून कुणी त्यातलं शेवटचंच 'बेंझीन' चलनावर लिहिलं तर गेटवर गोंधळ ठरलेला.

जाता जाता: जर्मन आणि डचमध्ये 'पेट्रोलेउम' म्हणजे रॉकेल, फ्रेंचमध्ये 'पेत्रोल' म्हणजे कच्चं तेल, इटालियनमध्ये 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. शेजारच्या रॅकवर हेही असणारच.

स्वतःची तालिका कशी करावी

सयाजीरावांच्या काळात, १९३१ मध्ये, बडोदे संस्थानाने कारभारातल्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत वगैरे भाषांतले पर्याय एका ओळीत मांडायची ती पद्धत आपल्या कामालाही बरी, पण एका फरकाने: आपल्या तालिकेत ओळीचं पहिलं घर शब्दाचं नको, सीएएस नंबराचं हवं. शब्दाने ओळ सुरू केली की 'बेंझिन' या एकाच ओळीत जर्मन पेट्रोल आणि गुजराती बेंझीन शेजारी येऊन बसतात. नंबराने सुरू केली तर तसं होऊच शकत नाही.

घरं इतकी पुरतात: सीएएस, यूएन, मराठी नाव, गुजराती, हिंदी, इंग्रजी, ज्या देशांतून माल येतो त्यांच्या भाषा, आणि शेवटी 'याच्याशी गफलत' हे घर. शेवटचं घर रिकामं ठेवू नका, तालिकेचा खरा उपयोग तिथेच आहे.

मराठी घरात 'बेंझीन' लिहा, ते फक्त पदार्थासाठी. द्रावकाला 'पेट्रोलियम स्पिरिट' किंवा सरळ 'हलका पेट्रोलियम द्रावक' म्हणा. दीर्घ 'झी' म्हणजे पदार्थ आणि ऱ्हस्व 'झि' म्हणजे द्रावक, अशी सोय काही जण सुचवतात. ती कामाची नाही. गुजरातीत पदार्थाचं नावच बहुधा ऱ्हस्व लिहितात, बोलताना फरक उरत नाही, आणि टाइप करणारा वेलांटी कुठली देईल याच्यावर कुणाची तब्येत अवलंबून ठेवू नये. भाषांतराच्या अॅपमधून आलेलं नाव तालिकेत थेट भरू नका. जर्मन 'बेंत्सीन' गुजरातीत जाताना नुसतं लिप्यंतर झालं, तर पेट्रोलचं बेंझीन होतं.

आणि नंबर पुसलेला, एसडीएस नाही, लेबल अरबी, असा ड्रम आलाच तर त्याला रजिस्टरात नाव देऊ नका. 'अनोळखी, ज्वालाग्राही' अशी चिठ्ठी लावून सावलीत, ठिणगीपासून लांब वेगळा ठेवा, पाठवणाऱ्याकडून बॅचचं विश्लेषणपत्र मागवा आणि ते येईपर्यंत झाकण उघडू नका.